पिवळ्याला खिसा नको

३ मार्च

चि. ठकू,

फोन केला की 'हो आत्या, बरी आहे आत्या, ठेवते आत्या', एवढ्यात तुझं बोलणं आटपतं. दिवसभर तर तुमच्या गोदामात फोन फाटकाशीच काढून घेतात म्हणालीस. मग म्हटलं पत्रच लिहावं. कागद काही तुला मध्येच ठेवता येणार नाही.

नोकरी लागल्याचं ऐकलं आणि मी मशीनवरून उठून उभीच राहिले. मानसशास्त्र शिकलेली आपल्या घरातली तू पहिली. तुझा बाप येता-जाता विचारायचा, "या विद्येचं करायचं काय, लोणचं?" आता त्याला म्हणावं, बघ.

खरी गंमत पुढेच आहे. आमच्या ठेकेदारानं परवा कापडाचे गठ्ठे आणून टाकले. ॲप्रन शिवायचे आहेत, म्हणे. कुणासाठी? तर तुमच्याच गोदामासाठी! म्हणजे भाची तिथे, आत्या इथे आणि मालक एकच. निळे ॲप्रन कायम माणसांसाठी, पिवळे नव्यांसाठी, असं त्यानं सांगितलं. निळे थोडेच आहेत, पिवळे मात्र ढीगभर. संपले की आणखी पिवळे. मी आपली शिवता शिवता मोजत असते, केवढी माणसं घेतायत हे लोक! बाकी सगळीकडे दारं बंद आणि तुमच्याकडे नुसती भरती. मी एवढी वर्षं शिवतेय, कापडावरून मला माणूस कळतो, मग कंपनी का नाही कळणार?

एकच गोष्ट खटकली. निळ्याला दोन खिसे आणि पाठीला घट्ट पट्टे. पिवळ्याला खिसा नको, पट्ट्यांऐवजी नुसती चिकटपट्टी. एक ओढ दिली की सुटला. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "पिवळ्याला खिसा नको, सक्त सांगितलंय." अगं, माणूस रुमाल कुठे ठेवणार? साहेबाला विचार आणि कळव.

आता मुद्द्याचं. माझ्या टिल्लूसाठी शब्द टाक. वायरमनचा कोर्स पास होऊन किती दिवस झाले. जिथे जाईल तिथे अनुभव मागतात, आणि अनुभव द्यायला कुणी तयार नाही. काही ठिकाणी तर पाय बघूनच दार लावतात. एक पाय आखूड असला म्हणून काय झालं? डोकं आखूड नाही त्याचं. सहा फुटी पोरगं दिवसभर खिडकीत बसून असतं आणि मला सुईत दोरा ओवून देतं. मला ते बघवत नाही गं.

तुझी,
आत्या


१४ मार्च

आत्या,

लोणच्याचं बाबांना सांगू नकोस. त्यांचं बरोबर होतं असं वाटायला लागलंय.

माझं काम सांगते. मागच्या फाटकाशी माझं टेबल आहे. त्यावर एक आरसा चिकटवलाय, तोंड माझ्याकडे. मी हसतेय की नाही ते मला सतत दिसावं म्हणून. ही आमच्या साहेबांची कल्पना. साहेब इतके गोड बोलतात की मी त्यांचं नाव गुळगुळीत साहेब ठेवलंय. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तू या गोदामाचा चेहरा आहेस." तेव्हापासून रोज खोलीवर येऊन तो चेहरा साबणानं घासते. तरी संध्याकाळचं हसू झोपेपर्यंत ओठांवर चिकटून राहतं, हातावर वाळलेल्या डिंकासारखं.

सकाळी लोक येतात. मी हसते, त्यांचे फोन पेटीत टाकते आणि त्यांना तुझे पिवळे ॲप्रन देते. मग ते आत जाऊन खोकी भरतात. संध्याकाळी ॲप्रन परत घेते आणि पुन्हा हसते. एवढंच काम. मानसशास्त्र असं वापरात आलंय.

तू शिवलेस ते कोरे असताना छान होते. इथे ते आठवड्यातून एकदा धुतात. काल एका मुलीला दिला तो पाठीवर ओला होता, आदल्या माणसाच्या घामानं. तिनं तो हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी आरशात बघितलं आणि हसले. आत्या, मला शिसारी आली. ॲप्रनची नव्हे, आरशातल्या त्या बयेची.

पिवळ्याला खिसा का नाही, ते साहेबांना विचारलं. म्हणाले, "नव्यांच्या हाताला सवयी असतात." आणि हसले. त्यांना आरसा लागत नाही.

टिल्लूचं म्हणशील तर नको. काम पूर्ण उभ्याचं आहे, पिवळ्यांना बसायला बाकडं नाही. त्याच्या गुडघ्याला झेपणार नाही. शिवाय इथे नातेवाइकांना घेत नाहीत, तसा नियम आहे. त्याला दुसरीकडे कुठेतरी बघू. हट्ट करू नकोस.

तुझी ठकू


२० मार्च

ठकू,

वाचलं तुझं पत्र. दोनदा वाचलं.

घामाचा वास येतो म्हणून नाक मुरडतेस? आम्ही सगळी जन्मभर घामातच वाढलो. तुझ्या शाळेचे कपडे मी याच मशीनवर घाम गाळून शिवले, तेव्हा त्यांना वास नव्हता वाटतं. टेबलखुर्ची मिळाली, साहेब गोड बोलतो, आणि वर तक्रार! ज्यांना कुणी दारात उभं करत नाही त्यांनी काय करायचं मग?

आणि टिल्लूचं खरं काय ते मला कळलं. गुडघ्याचं निमित्त आहे. लंगडणारा आतेभाऊ त्या फाटकातून आला तर तुझ्या त्या चेहऱ्याला कमीपणा येईल. नातेवाइकांचा नियम आहे ना? मग ओळखच दाखवू नकोस. तो तुला मॅडम म्हणेल. मी त्याला तसं बजावलंय.

सोमवारी तो येतोय. तिथे त्याच्या वर्गातला एक मित्र राहतो, त्याच्याकडे उतरेल. तुझ्यावर भार नाही.

उरलेली कात्रणं जोडून मी त्याच्यासाठी एक पिवळा ॲप्रन शिवलाय. दुसऱ्याच्या घामाचा नको, आपला स्वतःचा. त्याचा कंबरेचा तोल डावीकडे जातो म्हणून डावी बाजू बोटभर आखूड बेतली, म्हणजे खोक्यांत अडकणार नाही. आणि आतल्या बाजूनं एक खिसा ठेवलाय. बाहेरून दिसत नाही. साहेबाला कळायचं कारण नाही. माझं पोरगं रुमाल हातात धरून काम करणार नाही.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

तू अशी रागावशील असं वाटलं नव्हतं. पण लिहिलंस ते बरं केलंस. मनात ठेवून बसली असतीस तर आणखी वाईट.

टिल्लू आला. दाढी करून, केस पाण्यानं चापून बसवून, स्वतःचा ॲप्रन पिशवीत घालून. मी खाली मान घालून त्याचा फोन पेटीत टाकला. तो म्हणाला, "थँक्यू मॅडम." लहानपणी याच गाढवानं माझ्या वेणीला खुर्ची बांधली होती, आत्या.

काम चांगलं करतो. सगळ्यांपेक्षा जास्त खोकी उचलतो, पाय दिसू नये म्हणून. गुळगुळीत साहेब मला म्हणाले, "हा उपयोगी आहे, याला उद्याही बोलाव." तेव्हापासून रोजच बोलावतायत. जेवायच्या सुट्टीत पिवळे खोक्यांच्या मागे उभ्याउभ्या खातात. तो तिथे भिंतीला पाठ लावून गुडघा चोळतो. बघितलं की मला माझा डबा उघडवत नाही.

सांगायचं बरंच आहे. पत्रात कसं सांगू कळत नाही. त्याला परत बोलावून घे, एवढंच म्हणते. मी सांगितलेलं त्याला पटत नाही, हसतो नुसता.

ठकू


९ एप्रिल

माझी गुणाची ठकू,

रोज बोलावतात! आणि ते तू असं रडत लिहितेस? अगं, रोज बोलावतात म्हणजे ठेवूनच घेतलं की. मला काही ते नेमणुकीचे कागद-बिगद कळत नाहीत, पण जो नको असतो त्याला दुसऱ्या दिवशी कुणी बोलावतं का?

मागचं पत्र रागात लिहिलं, ते चुलीत घाल. तू टिल्लूवर लक्ष ठेवतेस, गुडघ्याचं लिहितेस, माझं चुकलंच. म्हाताऱ्या माणसाचं डोकं आणि जुन्या मशीनचं चाक, तेल कमी पडलं की कुरकुरतं.

मी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. शेजारची ती, जी टिल्लू दिसला की "अजून घरीच का?" म्हणून विचारायची, तिच्या दारात जाऊन सांगितलं. "नोकरीला लागला. गोदामात. कायम होणार." ती म्हणाली, पाय असा असून? मी म्हटलं, असा असूनच.

ठेकेदारानं पुन्हा पिवळ्याची मोठी ऑर्डर आणलीय. हात दुखतात पण मी नाही म्हटलं नाही. प्रत्येक ॲप्रन शिवताना वाटतं, हा कुणाच्या तरी पोराला मिळणार. एवढी माणसं लागतायत म्हणजे दिवस पालटले म्हणायचे.

टिल्लूला निळा कधी मिळेल ते विचार. निळ्याचं कापड आलं की त्याचा मीच शिवणार, ठेकेदाराला आधीच सांगून ठेवलंय.

तुझीच आत्या


२१ एप्रिल

आत्या,

आधी हे सांगते, की टिल्लू माझ्या खोलीवर आहे. पायाला सूज आहे, बाकी ठीक आहे. हे पत्र बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच.

पिवळे म्हणजे नवे नव्हेत. पिवळे म्हणजे ट्रायल. सकाळी जाहिरात वाचून लोक येतात, दिवसभर फुकट राबतात, संध्याकाळी मी त्यांना हसून म्हणते, "आम्ही कळवू." आम्ही कुणालाच कळवत नाही. दुसऱ्या दिवशी नवे येतात, त्याच ॲप्रनमध्ये. निळे चार-दोन टाळकी आहेत, ती पिवळ्यांवर ओरडायला. सगळं गोदाम ट्रायलवर चालतं आणि 'आम्ही कळवू' म्हणायला मला ठेवलं होतं. तू शिवत होतीस ते भरतीचं कापड नव्हतं. फाटले, कुजले, वास मारायला लागले की ते पिवळे टाकून देतात, म्हणून सारखी ऑर्डर येते.

हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. पण तू इतकी खूश होतीस, आणि मला कुणाच्या तरी तोंडून 'ठकूला नोकरी लागली' हे ऐकायचं होतं. माझीही ट्रायलच होती, तीन महिन्यांची. ती संपली की पुन्हा तीन महिन्यांची. माझ्यासमोर आरसा होता, बाकी फरक काही नाही.

टिल्लूला मात्र रोज बोलावलं, कारण फुकटात एवढं काम करणारा बैल रोज मिळत नाही. त्याला दरवेळी वेगळं सांगायचं. आज शेवटची चाचणी, उद्या त्याच्याही वरच्या साहेबांची चाचणी. आणि ते सांगायचं कुणी? मी.

काल दुपारी तो खोकं उचलायला वाकला आणि ॲप्रनची कड उलटी झाली. गुळगुळीत साहेब मागेच होते. त्यांना तुझा खिसा दिसला.

काम थांबवलं. सगळ्यांसमोर त्याला फाटकाशी आणलं. खिशात काय होतं? रुमाल, आणि गुडघ्याला बांधायची पट्टी. साहेबांनी दोन्ही वस्तू चिमटीत धरून माझ्या टेबलावर टाकल्या. टिल्लू म्हणाला, "साहेब, आत काहीच नाही. तुमचं काहीच नाही."

साहेब नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "नाही ना? पण खिसा आहे. पिवळ्याला खिसा आहे म्हणजे हेतू आहे. आणि कापडही आमचंच दिसतंय."

आमच्या फाटकाच्या भिंतीवर एक फळा आहे. 'यांना प्रवेश नाही' असं वर लिहून खाली फोटो लावतात. ते बघून आजूबाजूच्या गोदामांतही त्या माणसाला कुणी उभं करत नाही. फोटो काढायचं कामही माझंच. साहेबांनी कॅमेरा माझ्या हातात दिला.

टिल्लू भिंतीला लागून उभा राहिला. त्यानं केस सारखे केले, आत्या. जणू शाळेचा फोटो. आखूड पायावर जोर देऊन सरळ उभा राहिला आणि माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाला, "काढा मॅडम. काही हरकत नाही."

मी कॅमेरा डोळ्यापर्यंत नेला होता. हे तुझ्यापासून लपवत नाही. नेला होता. पण त्या 'मॅडम'पुढे मला बटण दाबवेना. कॅमेरा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हा माझा आतेभाऊ आहे. तो खिसा माझ्या आत्यानं शिवलाय. रुमाल ठेवायला."

साहेबांनी माझ्याकडे मोठ्या मायेनं बघितलं. म्हणाले, "मग तुमचाही फोटो काढावा लागेल."

मी रांगेतल्या पिवळ्यांकडे वळले आणि ओरडले, "इथे कुणालाच घेत नाहीत! इतके दिवस मी तुमच्याशी खोटं बोलत होते. घरी जा!" मला वाटलं, आता सगळे ॲप्रन काढून फेकतील. कुणी हललं नाही. तुझ्या वयाची एक बाई होती, पांढऱ्या केसांना रंग लावून आलेली. ती हळूच म्हणाली, "ठाऊक आहे गं बाई आम्हाला. पण दुसरीकडे ट्रायललाही उभं करत नाहीत. इथे निदान कुणी हसून बोलतं."

हसून बोलतं! आत्या, माझ्या त्या हसण्याला लोक येत होते. याहून घाणेरडी नोकरी असेल असं मला वाटत नाही.

दोघांचे फोटो लागलेत, शेजारीशेजारी. कॅमेरा शेवटी एका निळ्यानं धरला. माझ्या जागी आज दुसरी मुलगी बसलीय. आरसा तोच.

रात्री टिल्लूला विचारलं, "तुला कधी कळलं रे?" म्हणाला, "पहिल्याच दिवशी. तू खोटं बोलताना नेहमी वरचे दात दाखवतेस." मग रोज का जात होतास? तर म्हणाला, "आई फोनवर विचारायची, आज काय काय केलंस? मला सांगायला काहीतरी असायचं. आणि मी बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती."

घरी यायला तो तयार नाही. गल्लीला काय सांगणार म्हणतो. तुझ्यापेक्षा त्याला त्या शेजारणीची भीती वाटतेय. काय करू ते कळव.

तुझी ठकू


२८ एप्रिल

ठकू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी मशीनवरच होते. सुईखाली पिवळंच होतं.

मी काही रडले-बिडले नाही. मला घाण वाटली. हात धुतले, पुन्हा धुतले. घरात जिकडे बघावं तिकडे तो रंग. टिल्लूच्या खाटेवर गठ्ठे, खिडकीत गठ्ठे. मला वाटायचं मी कुणाच्या तरी पोराला नोकरीचा कपडा शिवतेय. आणि मी शिवत होते काय, तर गोठ्यातली झूल. कापडावरून माणूस कळतो म्हणत होते ना मी? कपाळ माझं! खिसा नाही, पट्टे नाहीत, एक ओढ दिली की सुटतो. सगळं कापडावर लिहिलेलं होतं, तरी मी मनाला येईल ते वाचलं.

आणि खिसा मीच ठेवला. माझ्या लेकराला चोर ठरवायला माझ्याच हातची शिवण पुरली. हे मी त्याला तोंडानं सांगणार आहे, तू सांगू नकोस.

शेजारणीची काळजी त्याला करू नको म्हणावं. काल मी स्वतः तिच्या दारात गेले. म्हटलं, "टिल्लूला नोकरी नाही. लागलीच नव्हती. फुकट राबवून घेतलं आणि वर चोर म्हणाले." ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "माझ्या मुलीलाही असंच केलं. ब्यूटी पार्लरमध्ये. मी सांगितलं नाही कुणाला." मग आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसलो आणि त्या लोकांना यथेच्छ शिव्या घातल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाई मला बरी वाटली. तिलाही शिवता येतं, हेही कालच कळलं.

ठेकेदाराची ऑर्डर माझ्याकडे पडून होती. आधी वाटलं, तशीच परत करावी. पण परत केली तर तो ती दुसरीकडे देईल, आणि तिथलीही कुणीतरी माझ्यासारखीच माणसं घेतायत, घेतायत म्हणत शिवत बसेल. म्हणून पूर्ण केली. शेजारीण आणि मी, दोघींनी मिळून. आज सकाळी ठेकेदार घेऊन गेला. वरवर चाळून बघितलं आणि म्हणाला, "आजी, हात अजून सफाईदार आहे." मी म्हटलं, आहे तर.

प्रत्येक पिवळ्याला आतून खिसा ठेवलाय. एकही सोडला नाही. पिवळ्याच दोऱ्यानं, दुहेरी टाका घालून, फाडायला गेलं तर ॲप्रन फाटेल पण खिसा निघणार नाही. पुन्हा ऑर्डर मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. न मिळू दे.

आता त्या तुमच्या साहेबाला सगळ्यांचा हेतू तपासू दे. भिंत केवढी आहे ते बघू.

तू आणि टिल्लू दोघंही शनिवारच्या गाडीनं घरी या. येताना त्याला गुडघ्याला पट्टी बांधायला लाव. खाट मोकळी केलीय.

तुझी,
आत्या

ता. क. टिल्लूचा तो ॲप्रन त्यांनी ठेवून घेतला असेल तर मागायला जाऊ नका. डावी बाजू त्याच्या मापाची आहे, दुसऱ्या कुणाच्या अंगाला तो बसायचा नाही.